सेनेटर कूलीला मतं कोण देतं?

माझ्या प्रबंधाचा प्रश्न तसा साधा आहे. अमेरिकन कादंबऱ्या आणि चित्रपट आपल्या लोकप्रतिनिधींना घर देतात, लकबी देतात, शत्रू देतात, कधीकधी छानसं मरणही देतात. पण मतदार देतात का? "म्हणजे नेमकं काय?" असं बरेच जण विचारतात. म्हणून आज एकच पात्र घेऊ: साउथ कॅरोलायनाचा सनातनी म्हातारा सेनेटर, सीब्राइट कूली.

ॲलन ड्रुरी हा सेनेटच्या पत्रकार कक्षात वर्षानुवर्षं बसलेला बातमीदार. त्याची 'ॲडव्हाइज अँड कन्सेंट' ही कादंबरी 1959 मध्ये आली आणि 1960 चं पुलित्झर घेऊन गेली. 1962 मध्ये ऑटो प्रेमिंजरने तिच्यावर चित्रपट काढला. कथा अशी: राष्ट्राध्यक्ष परराष्ट्रमंत्रिपदासाठी लेफिंगवेल नावाच्या माणसाचं नाव सुचवतात आणि सेनेटने त्याला संमती द्यायची असते. कूली आडवा येतो. त्याला लेफिंगवेलचं मवाळ परराष्ट्र धोरण पटत नाही, आणि वर एक जुना अपमानही डोक्यात आहे. तो साक्षीदार शोधून आणतो आणि लेफिंगवेलचा कम्युनिस्ट भूतकाळ उकरून काढतो.

चित्रपटात चार्ल्स लॉटन कूली झालाय. ही त्याची शेवटची भूमिका. चुरगळलेला पांढरा सूट, अर्धवट मिटलेले डोळे, मधात बुडवून काढलेला एकेक शब्द. बघताना आपण या म्हाताऱ्याच्या प्रेमातच पडतो. आणि इथेच माझी तक्रार सुरू होते.

हा माणूस इतका बलवान कसा झाला? चित्रपटाचं उत्तर: अनुभव, बुद्धी, वक्तृत्व. खरं उत्तर जास्त कोरडं आहे. त्या काळी दक्षिणेत एकाच पक्षाचं, डेमोक्रॅटिक पक्षाचं राज्य होतं. पक्षांतर्गत निवडणूक जिंकली की खरी निवडणूक जिंकल्यातच जमा. त्यामुळे सेनेटर दशकानुदशकं टिकायचा, आणि समित्यांची अध्यक्षपदं ज्येष्ठतेनुसार मिळायची. जॉर्जियाचे रिचर्ड रसेल 1933 पासून 1971 पर्यंत सेनेटमध्ये होते ते याच गणितावर.

आणि हे गणित जमायचं कसं, तर मतदारयादी आखूड ठेवून. साउथ कॅरोलायनात 1960 च्या सुमारास एक तृतीयांशाहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते. तिथली गोऱ्यांपुरती राखीव पक्षांतर्गत निवडणूक 1947 मध्ये न्यायालयाने बेकायदा ठरवली, तरी साक्षरतेच्या अटी आणि धाकदपटशा चालूच राहिले. 1965 चा मतदान हक्क कायदा आला, तेव्हा हे राज्य स्वतः त्याच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1966 मध्ये हरलं.

यातलं काहीही चित्रपटातल्या कूलीच्या अंगाला लागत नाही. लॉटनने ते मधाळ बोलणं मिसिसिपीचे सेनेटर जॉन स्टेनिस यांच्यावरून उचललं. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या निकालाला विरोध करणाऱ्या 1956 च्या जाहीरनाम्यावर याच स्टेनिसांची सही आहे. म्हणजे उच्चार घेतला, राजकारण तिथेच ठेवलं.

"अहो, कथा परराष्ट्रमंत्र्याची आहे, तिच्यात सगळं कसं येणार?" हा आक्षेप रास्त आहे. पण ही कथा मतांच्या मोजणीचीच आहे. कोण कोणाच्या शब्दात बांधलंय, कोणता सेनेटर कुठे झुकेल, हे ड्रुरीइतकं बारकाईने क्वचितच कोणी लिहिलं असेल. त्याची मोजदाद फक्त सभागृहाच्या दारापाशी थांबते. प्रेमिंजरला मात्र उणीव जाणवली असावी. जॉर्जियाच्या सेनेटरची छोटी भूमिका त्याने मार्टिन ल्यूथर किंग यांना देऊ केली होती. त्यांनी नकार दिला. प्रत्यक्षात तेव्हा सेनेटमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता.

चित्रपटातला शेवटचा प्रसंग मला आजही आवडतो, म्हणूनच तो जास्त सलतो. एका तरुण सेनेटरच्या आत्महत्येनंतर कूली उभा राहतो आणि आपल्या सूडबुद्धीबद्दल माफी मागतो. मत बदलत नाही, लेफिंगवेलला विरोध कायम ठेवतो, पण आपल्याला शब्द दिलेल्यांना मोकळं करतो. मताशी प्रामाणिक राहून पद्धतीची लाज वाटणं, हे सनातनी राजकारण्याचं फार सभ्य चित्र आहे. फक्त ती माफी कोणाला मागितली ते बघा. सहकाऱ्यांना. त्याच्या राज्यातल्या ज्या माणसांना मतपेटीपर्यंत पोहोचू दिलं नाही, त्यांची ना उपस्थिती, ना आठवण.

गंमत म्हणजे ड्रुरीने पुढच्याच कादंबरीत, 1962 च्या 'अ शेड ऑफ डिफरन्स'मध्ये, वर्णाचा प्रश्न मधोमध आणला. तिथे कूली ठराव अडवण्यासाठी तासन्‌तास बोलत राहतो, आणि त्या झुंजीनंतर लेखक त्याला मरण देतो. खऱ्या सेनेटमध्ये त्याच्याच राज्याचे स्ट्रॉम थर्मंड 1957 मध्ये नागरी हक्क विधेयकाविरुद्ध सलग 24 तास 18 मिनिटं बोलले होते. त्यानंतर ते 2003 पर्यंत सेनेटर राहिले.

ड्रुरीच्या म्हाताऱ्याला भव्य शेवट मिळाला. थर्मंडना मतं मिळत राहिली. माझ्या प्रबंधाला या दोन वाक्यांमधली जागा मोजायची आहे.