इशाऱ्याची पाटी : धाक आणि अर्थ

फाल्गुन वद्य षष्ठीस पैठण येथे नाथषष्ठीची यात्रा भरते. अशा यात्रास्थळांच्या वाहनतळांवरील दोन वाक्ये सर्वपरिचित आहेत : ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’ आणि ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’. पहिले मालकास उद्देशून आहे, हे उघड आहे. दुसऱ्यातील ‘आपण’ कोण, याचा मात्र निर्णय होत नाही. चोरास ती धमकी वाटावी, यात्रेकरूस अभय. शिलाहार-यादवकालीन गधेगाळ शिळांत अशी संदिग्धता नाही. दान मोडणारा हा अपराधी, शाप ही शिक्षा. आणि गाढवाचे शिल्प तोच अर्थ अक्षरशून्यासही सांगते. न्यूकॅसल विद्यापीठातील, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोखलेल्या डोळ्यांची चित्रे लावलेल्या जागी सायकलचोऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. परंतु चित्रे नसलेल्या जागी त्या ६५ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे धाक खरा, पण चोरी बहुधा केवळ जागा बदलते. सबब, संदिग्ध पाटीचे मूल्यमापन चोराच्या भयावरून करणे अपुरे होय. तिच्या भरवशावर जो यात्रेकरू निर्धास्त होतो, त्याच्याशी ती कितपत प्रामाणिक आहे, हीच तिची खरी कसोटी मानावी लागेल.