तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल

घराण्याची मुळं शोधायला माणसं बंदोबस्ताची मिसल उघडतात, जुने सातबारे काढतात, तीर्थाच्या ठिकाणी पंड्याची वही चाळतात. भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात याहून वेगळा एक पुरावा घराघरांत सापडतो: माळ्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला लाकडी बैल. वर्षातून एकदा, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो खाली येतो. त्याच्या दोरीला धरून घरातलं लेकरू गावभर फिरतं. मी इथे वाचतो आहे तो बैल लाखांदूर तालुक्यातल्या, चुलबंद नदीकाठच्या आमच्या घरचा. आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, वडिलांच्या काळी गावच्या वाढईनं तो सागवानात घडवला, असं घरात सांगत आले आहेत. वाढईचं नाव कुणाला आठवत नाही. त्याचा हात मात्र लाकडात जसाच्या तसा आहे.

आधी दिवस समजून घ्यायला हवा, कारण हा बैल त्या दिवसासाठीच घडलेला. आमच्याकडचं शेत म्हणजे धानाचं बांधी-शेत. आषाढ-श्रावणात बांधीत पाणी साचलं की चिखलणी, मग रोवणी. या दिवसांत बैल गुडघाभर चिखलात असतो आणि त्याच्या वर्षातली सगळ्यात जड मेहनत तिथेच होते. श्रावणी अमावास्येपर्यंत बहुतेक रोवणी उरकलेली असते, तेव्हा पोळा येतो. आदल्या संध्याकाळी खांद्याला तूप-हळद चोळतात, दुसऱ्या दिवशी अंघोळ, झूल, बाशिंग, तोरणाखाली उभं राहणं, झडत्या, पुरणपोळी. मोठ्यांचा पोळा फुटला की लगेच लहानांचा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 साली लेकरांसाठी हा सण सुरू केला, अशी परंपरा नागपुरात सांगितली जाते. राजवाड्यातून निघालेली चाल चुलबंदकाठच्या मातीच्या घरापर्यंत आली आणि इथल्या धानाच्या वेळापत्रकात चपखल बसली, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

आता बैलाकडे वळू. तो बाजूनं पाहावा. समोरून पाहिला तर हाती फार थोडं लागतं. डोळे म्हणजे पटाशीनं कोरलेल्या दोन खाचा, नाकपुड्या त्याहून उथळ. बाजूनं पाहिलं की मात्र श्वास अडकतो. मानेच्या मुळापासून उठणारं वशिंड एका सलग उताराने पाठीवर येतं, पाठ कमरेशी किंचित खोल जाते आणि पुठ्ठ्यांवर पुन्हा भरते. या रेषेत वाढईनं एकही घाव चुकवलेला नाही. गळ्याखालची पोळी त्यानं वेगळी जोडली नाही, त्याच ओंडक्यातून काढली आणि तिला दोन हलक्या वळ्या दिल्या. ही नजर नांगराच्या मागे चालणाऱ्याची किंवा धुऱ्यावर उभं राहून औत पाहणाऱ्याची आहे. शेतकरी बैलाला समोरून फार कमी पाहतो. दिवसभर त्याच्यापुढे असतात ती पुठ्ठे, पाठ आणि वशिंड. वाढई सगळ्या गावाची औतं भरायचा, दुरुस्त करायचा. त्याला ठाऊक होतं ते त्यानं जीव ओतून कोरलं आणि बाकीचं उरकलं. अडाण्याचं काम म्हणून या बैलाच्या चेहऱ्याकडे बोट दाखवणाऱ्याला कलाकृती कुठून पाहायची तेच कळलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेहरा उथळ असला तरी त्याचं माप बरोबर आहे. तोंड लांबोडं, निमुळतं. शिंगं आखूड आणि बोथट. हा आमच्या भागात फिरणारा गवळाऊ बाणा. वर्धा, नागपूर, छिंदवाड्याकडची ही जात चालीला वेगवान, म्हणून मराठ्यांच्या फौजांनी तिला वाहतुकीसाठी जवळ केलं. हल्ली बाजारात मिळणाऱ्या लाकडी बैलांना चंद्रकोरीसारखी लांबलचक शिंगं असतात. दिसायला ती देखणी आहेत, पण ती चित्रातून आलेली शिंगं आहेत. आमच्या वाढईनं समोरच्या गोठ्यातलं जनावर पाहून हात चालवला होता.

शिंगांच्या टोकांना पितळेच्या शेंब्या आहेत. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. कसारांच्या कामातून उरलेल्या पत्र्याचा एखादा तुकडा इतक्या दूर पोचणं अवघड नव्हतं. खऱ्या बैलाला पोळ्याला शेंब्या चढवतात, म्हणून लाकडाच्याही बैलाला. पण त्या नुसत्या ठोकून बसवलेल्या नाहीत. शिंगाचं टोक आधी बारीक तासून खांदा ठेवला आहे आणि त्या खांद्यावर शेंबी टेकते, त्यामुळे इतक्या वर्षांत ती निसटली नाही. खेळण्यासाठी एवढी काळजी घेणारा माणूस लेकरांना कमी लेखत नव्हता.

पायांकडे आलो की वाढईचा हिशेब कळतो. चार पाय म्हणजे चार सरळ खुंट, गुडघा नाही, खूर नावापुरता. ते जाड फळीत सालवून बसवले आहेत आणि फळीखाली चार चाकं. चालणं चाकांनी करायचं असल्यामुळे पायांना फक्त उभं राहायचं आहे, म्हणून ते असे निश्चल. ही युक्ती फार जुनी. 1974 साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला चार ब्राँझ शिल्पं सापडली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली जाणारी. त्यांत दोन बैल जुंपलेला रथ आहे आणि हत्ती, रेडा, गेंडा हे चाकांसाठी केलेल्या बैठकीवर उभे आहेत. त्यांचेही पाय खुंटांसारखे सरळ. आमच्या वाढईनं दायमाबादचं नाव ऐकलं असणं शक्यच नाही. जनावर ओढायचं ठरलं की लाकूड काय, धातू काय, कारागिराला त्याच उत्तराशी आणतं.

मला सगळ्यात जास्त रमवतो तो वशिंडाच्या पुढचा भाग, जिथे जू टेकतं. तिथे बोटभर रुंदीचा खोलगट पट्टा आहे. तो कोरलेला की झिजलेला, हे बोट फिरवून कळतं. कडा जराही जाणवत नाहीत, लाकूड तेलकट गुळगुळीत झालंय. म्हणजे झिजलेला. लेकरं बैल उचलतात ती तिथेच धरून, वशिंडाच्या पुढे मूठ घालून. आबाजींची मूठ, माझ्या बापाची, काकांची, आत्यांची, आम्हा चुलत भावंडांची. मोठ्या बैलाच्या मानेवर जुवानं घट्टा पडतो, त्याच जागी या बैलाच्या मानेवर लेकरांच्या मुठींनी खळगा पडला. आमच्या कुळाची वंशावळ लिहून कुणी ठेवली नाही. शेताच्या वाटण्या झाल्या, एक काका नागपूरला गेला, एक घर पुण्याला. बांध्यांची नावं विसरत चालली. पण या खळग्यात सगळ्यांचा वाटा सारखा आहे आणि तो कुणाला वेगळा काढता येत नाही.

कपाळावर कुंकवाचा थर इतका जाड आहे की त्याची ढलपी निघते. घराघरासमोर बायका लेकरासोबत बैलालाही ओवाळत, बोजारा म्हणून नाणी देत, हातावर खाऊ ठेवत. त्या पुटात गावातल्या जवळजवळ प्रत्येक दाराचं कुंकू असेल. नातं नसलेल्या घरांशीही लेकराचं नातं तिथून सुरू व्हायचं.

आता ठिकठिकाणी तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धा होतात. माणसापेक्षा उंच नंदी येतात, ऑइलपेंट, आरसे, दिव्यांच्या माळा. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचे भव्य नंदी पाहायला दुरून माणसं जातात आणि त्या कारागिरीला मी नमस्कार करतो. पण उंचीला बक्षीस मिळू लागलं की बैल मोठ्यांच्या खांद्यावर जातो आणि दोरी लेकराच्या हातातून सुटते. लेकराच्या गुडघ्याएवढा असणं हाच या वस्तूचा आकार ठरवणारा नियम होता. तो मोडला की पोळा राहतो, तान्हा उरत नाही.

आणि आणखी एक. औताला बैल नेहमी जोडीनं लागतो, मोठ्या पोळ्यालाही जोड्याच उभ्या राहतात. तान्ह्या पोळ्याचा बैल मात्र आमच्याकडे एकटाच. मी याचा अर्थ असा लावतो की जोडीतली दुसरी जागा लेकराची आहे. पुढे वाकून ओढायचं काम त्या दिवशी तेच करतं. ट्रॅक्टरनं चिखलणी करणाऱ्या आमच्या गावात आता गोठे रिकामे आहेत. पूर्वी लेकरू आधी खरा बैल पाहायचं आणि मग लाकडाचा. आज वशिंड कुठे, पोळी कुठली, जू कुठे टेकतं हे काका लाकडी बैलावरच बोट ठेवून दाखवतो. त्या वाढईनं जिथे जिथे मनापासून कोरलं, नेमकं तेच या धड्याला उपयोगी पडतं.

ज्यांच्या माळ्यावर असा बैल असेल त्यांनी सणाच्या तोंडावर त्याला नवा रंग देऊ नये, कुंकू खरवडू नये. भुंगा लागला तर कडुनिंबाचं तेल चोळावं, चाक तुटलं तर चाकच बदलावं. आमच्या बैलाचं मागचं डावं चाक बाभळीचं आहे. ते नंतरच्या कुणा हातानं बसवलंय आणि बाकीच्या तिन्हींपेक्षा जरा मोठं आहे. त्यामुळे बैल चालताना उजवीकडे ओढ घेतो आणि घरातल्या प्रत्येक लेकराला दोरी डावीकडून धरायची सवय लागली आहे.