आरोग्यसंशोधन, नगररचना आणि एक विशेषण

आरोग्यविषयक संशोधन आणि नगररचना यांचा विचार करताना संशोधनाचे निष्कर्ष शासनापर्यंत पोचले की नाही, एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. ते कोणत्या शब्दांत पोचले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मुंबईतील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

१८९६ साली मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला आणि १८९८ च्या कायद्याने मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोगाचे मूळ दाटी, कोंदट हवा व दूषित जमीन यांत आहे, ही त्या काळची प्रबळ समजूत. तीतूनच ‘अस्वच्छ वस्ती’ ही कल्पना कारभारात रुजली. यातील विशेषण वस्तीला चिकटते. कारणाचा निर्देश ते करीत नाही. दोष वस्तीचाच ठरला की ती पाडणे हा उपाय आपोआप सिद्ध होतो. तेथील माणसांचे पुढे काय, हा प्रश्न त्या शब्दप्रयोगात उद्भवतच नाही. वस्तुतः १८९८ सालीच पॉल-लुई सिमाँ याने उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविले होते, आणि १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळाने त्यास पुष्टी दिली. संशोधनाच्या वाक्यातील कर्ता बदलला. कारभाराचे विशेषण मात्र तेच राहिले. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, हे श्रेय नाकारता येत नाही. परंतु घरे गमावलेल्या अनेकांनी शेजारच्या चाळींतील दाटीतच भर घातली, हेही विसरता येत नाही.

याउलट, २०२० साली ‘सिटीज अँड हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला मुंबईच्या एम-पूर्व विभागातील तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास पाहावा. येथे क्षयरोगाचा संबंध इमारतींची रचना, घरात येणारा सूर्यप्रकाश आणि हवेचा प्रवाह यांच्याशी तपासला आहे. तीन वसाहतींवरून कार्यकारणभाव निर्णायकपणे सिद्ध होत नाही. दारिद्र्य व कुपोषण यांचा वाटा वेगळा काढणेही सोपे नाही. तथापि या अभ्यासाची भाषा निराळी आहे. तीत वस्तीवर शिक्का नाही, मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत. आणि जे मोजता येते, तेच बांधकामाच्या नियमात घालता येते. शिवाय येथे सदोष ठरते ती नियोजनाने उभारलेली इमारत, रहिवासी नव्हे.

संशोधनाने धोरणास मार्ग दाखवावा, ही अपेक्षा रास्तच होय. मात्र निष्कर्षाचे रूपांतर विशेषणात झाले, तर त्यातून बुलडोझर निघतो; मापात झाले, तर खिडकी.