परकीयाचा पोशाख आणि रंगांचे राजकारण : थायलंडसंबंधीच्या एका प्रवास-सल्ल्याची चिकित्सा

प्रस्तावना

थायलंडमधील राजकीय संघर्ष 2008 ते 2010 या काळात तीव्र झाला, तेव्हा परदेशी प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत एक सूचना वारंवार आढळत असे : पिवळे व लाल कपडे टाळावेत. सूचना एका ओळीची आणि वरकरणी निरुपद्रवी आहे. परंतु तिच्या मुळाशी दोन गृहीतके आहेत. रंगाचा अर्थ ठरलेला असून तो एका पक्षापुरता मर्यादित आहे, हे पहिले. आणि परकीय माणूस कपडे बदलून संघर्षाच्या बाहेर राहू शकतो, हे दुसरे. या दोन्ही गृहीतकांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सावधगिरीची आवश्यकता येथे नाकारलेली नाही. प्रश्न एवढाच आहे की, अशी सूचना वाचून प्रवाशाला त्या समाजाविषयी नेमके काय कळते?

रंगांचा पूर्वेतिहास

थायलंडमध्ये रंग राजकारणातून जन्मलेले नाहीत. तेथे आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक रंग आहे : सोमवारला पिवळा, मंगळवारला गुलाबी, बुधवारला हिरवा, गुरुवारला नारिंगी, शुक्रवारला निळा, शनिवारला जांभळा आणि रविवारला लाल. वारांचे ग्रह व त्यांच्या देवता यांच्याशी निगडित असलेली ही परंपरा भारतीय ग्रहकल्पनेशी नाते सांगते. मात्र तपशील जुळत नाहीत. आपल्याकडे पिवळा रंग गुरुवारचा व लाल रंग मंगळवारचा मानला जातो. थायलंडमध्ये पिवळा सोमवारकडे, तर लाल रविवारकडे गेला आहे.

राजे भूमिबोल यांचा जन्म 5 डिसेंबर 1927 रोजी, सोमवारी झाला. त्यामुळे पिवळा हा त्यांचा रंग ठरला. 2006 मध्ये त्यांच्या राज्यारोहणास 60 वर्षे पूर्ण झाली, तेव्हा लक्षावधी लोकांनी पिवळे सदरे घातले. त्यावेळी हा रंग कोणत्याही एका गटाचा नव्हता. त्याच वर्षी पंतप्रधान थाकसिन शिनावात यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या आघाडीने राजनिष्ठेचे प्रतीक म्हणून तोच रंग स्वीकारला. 19 सप्टेंबर 2006 रोजी लष्कराने सत्ता ताब्यात घेतली. पुढे 2007 मध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत झाले. तिला विरोध करणाऱ्यांच्या मोहिमेतून लाल रंग पुढे आला आणि लष्करी सत्तांतराच्या विरोधकांची ती ओळख बनली. त्याच वर्षाच्या अखेरीस राजे गुलाबी कोट घालून रुग्णालयातून बाहेर पडले, तेव्हा बाजारात गुलाबी सदऱ्यांची झुंबड उडाली.

या क्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पक्षांनी रंग निर्माण केले नाहीत; सर्वांचे असलेले रंग त्यांनी आपलेसे केले. सोमवारी सवयीने पिवळा सदरा घालणाऱ्या सामान्य माणसाची त्यामुळे कोंडी झाली. ‘पिवळा टाळा’ या सूचनेत या कोंडीचा मागमूसही नाही.

लिखित वस्त्र

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी फॅशनच्या व्यवस्थेवरील आपल्या 1967 च्या ग्रंथात प्रत्यक्ष वस्त्र, चित्रातील वस्त्र आणि लिखित वस्त्र असा भेद केला आहे. वस्त्राविषयी लिहिले गेले की, त्याच्या अनेक गुणांपैकी एकच गुण निवडला जातो आणि त्यालाच अर्थ प्राप्त होतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. बार्थ यांचा विषय फॅशनविषयक नियतकालिके हा होता. परंतु प्रवास-सूचनेतील सदरा हेही असे लिखित वस्त्रच आहे. त्याला कापड नाही, प्रसंग नाही, घालणारा माणूस नाही. आहे तो केवळ रंग, आणि त्या रंगाचा एकमेव अर्थ म्हणजे धोका.

अशा सूचनेत काळही गोठतो. 2006 च्या जूनमध्ये पिवळा सदरा उत्सवाचा होता. 25 नोव्हेंबर 2008 रोजी पिवळ्या सदऱ्यांतील आंदोलकांनी सुवर्णभूमी विमानतळ ताब्यात घेतला, तेव्हा तो राजकीय झाला. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये राजांच्या निधनानंतर देश काळ्या वस्त्रांत गेला. 2019 मध्ये नव्या राजांच्या राज्याभिषेकानिमित्त शासनानेच नागरिकांना पिवळे कपडे घालण्याचे आवाहन केले. कारण तेही सोमवारी जन्मलेले होते. म्हणजे 2010 ची सूचना 2019 मध्ये पाळणाऱ्या प्रवाशाने नेमका सार्वजनिक आदराचा रंग टाळला असता. अर्थ सांगितला असता, तर तो बदलल्याचे प्रवाशाच्या लक्षात येऊ शकले असते. केवळ आज्ञा दिल्यामुळे ते शक्य राहिले नाही.

तटस्थतेची मर्यादा

दुसरे गृहीतक अधिक गंभीर आहे. 2008 मध्ये विमानतळ सुमारे आठवडाभर बंद राहिल्याने फार मोठ्या संख्येने परदेशी प्रवासी अडकले. त्यांनी कोणत्या रंगाचे कपडे घातले होते, याने काहीही फरक पडला नाही. 2010 च्या एप्रिल-मे महिन्यांत बँकॉकमध्ये नव्वदहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत एक जपानी कॅमेरामन व एक इटालियन छायाचित्रकार होते. धोका रंगात नव्हता. तो विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट वेळी होता. रंगाविषयीची सूचना प्रवाशाला सुरक्षिततेची भावना देते. प्रत्यक्ष सुरक्षितता देतेच असे नाही.

शिवाय कपाटातून दुसरा सदरा काढून तटस्थ होणे ही परकीयाचीच सोय आहे. लाल सदऱ्यांच्या चळवळीचा मोठा आधार उत्तर थायलंड आणि ईसान या ईशान्य भागातील ग्रामीण जनतेत होता. त्या भागातून बँकॉकमध्ये टॅक्सी चालविण्यासाठी आलेल्या माणसाने पांढरा सदरा घातला, तरी त्याची बोली, त्याचा प्रदेश आणि त्याची आर्थिक स्थिती लपत नाही. प्रवासी ज्याला ‘रंग’ म्हणतो, ते त्याच्या दृष्टीने मत आहे आणि ते मोजले जाईल की नाही, याची चिंता आहे. संघर्षाचे असे वस्त्रांतर करून सांगणारी सूचना राजकारणाला पावसाच्या अंदाजाच्या पातळीवर आणते : आज पिवळे नको, उद्या छत्री घ्या.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रवास-सूचना हा समाजशास्त्रीय निबंध नव्हे; ती थोडक्यात असणे हाच तिचा गुण होय. आक्षेप रास्त आहे. परंतु 2016 चा अनुभव वेगळी शक्यता दाखवितो. राजांच्या निधनानंतर परदेशी पाहुण्यांनाही साधी, सौम्य रंगाची वस्त्रे वापरण्याची विनंती केली गेली आणि तिच्यासोबत शोकाचे कारणही सांगितले गेले. तेथे टाळण्याऐवजी सहभागाची अपेक्षा होती. अर्थात तो काळा रंगही सर्वस्वी निष्कलंक नव्हता. काळ्या कपड्यांचा तुटवडा पडला, किमती वाढल्या, काळे न घालणाऱ्यांना दूषणे दिली गेली, आणि ज्यांना नवे कपडे परवडत नव्हते त्यांच्यासाठी जुने कपडे विनामूल्य रंगवून देण्याची सोय ठिकठिकाणी करावी लागली. आदराचा रंगही सक्तीचा होऊ शकतो, हे विसरता येत नाही.

आपल्या संदर्भात

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. नवरात्रातील वारानुसार ठरणारे नऊ रंग गेल्या दोन दशकांत आपल्या कार्यालयांत व महाविद्यालयांत रूढ झाले. भगवा, निळा, हिरवा या रंगांना आपल्या सार्वजनिक जीवनात कोणते अर्थ आहेत, हे कोणाला सांगावे लागत नाही. समजा, एखाद्या परदेशी मार्गदर्शिकेने 6 डिसेंबर रोजी दादर परिसरात निळे कपडे टाळावेत, असे लिहिले. चैत्यभूमीवर येणाऱ्या लक्षावधी अनुयायांचा शोक, कृतज्ञता आणि आत्मसन्मान त्या एका ओळीत ‘धोका’ या शब्दात बंदिस्त होईल. ते वाचून आपल्याला जो सल बोचेल, तो थायी वाचकालाही बोचत असला पाहिजे. आपले प्रवासी मोठ्या संख्येने बँकॉकला जातात. तेव्हा ही जाणीव केवळ सैद्धांतिक राहत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, रंगांविषयीची सूचना काळ, स्थळ आणि कारण यांसह दिली गेली पाहिजे. ‘हा रंग राजाच्या जन्मवाराचा आहे, सध्या एका गटाने तो स्वीकारला आहे, म्हणून अमुक भागात जपून असावे’ एवढ्या तीन वाक्यांनी प्रवासी सावधही होतो आणि सुज्ञही. पर्यटन, भाषा व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना येथे वर्गात मांडण्याजोगे साहित्य आहे. परकीयाने कोणता रंग घालावा हा गौण प्रश्न होय. ज्यांना आपला रंग उतरवून ठेवता येत नाही, त्यांच्याकडे तो कोणत्या दृष्टीने पाहतो, हा खरा प्रश्न आहे.