‘दि इमिटेशन गेम’ : शोधाचे नाट्य आणि शोधाचा इतिहास

मोर्टेन टिल्डम दिग्दर्शित ‘दि इमिटेशन गेम’ हा चित्रपट २०१४ साली प्रदर्शित झाला व त्याच्या पटकथेबद्दल ग्रॅहॅम मूर ह्यांस ऑस्कर पारितोषिकही लाभले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे संकेत उलगडण्याच्या कामी गणितज्ञ ॲलन ट्युरिंग ह्याने उचललेला वाटा, हा त्याचा विषय होय. अँड्रू हॉजेस ह्यांचे १९८३ चे ट्युरिंग-चरित्र त्यास आधारभूत आहे. ऐतिहासिक कलाकृतीने इतिहासाशी शब्दशः इमान राखावे असा आग्रह कोणी धरणार नाही. ऐतिहासिक कादंबरीच्या मराठी वाचकास तर हा वाद जुनाच आहे. प्रश्न आहे तो निराळा. घेतलेल्या सवलतींनी विषयातील मूळ नाट्य अधिक उजळले, की ते हरवून त्याच्या जागी दुसरे, स्वस्त नाट्य आले? आमच्या मते येथे दुसरी गोष्ट घडली आहे.

चित्रपटाचा उत्कर्षबिंदू पाहावा. ट्युरिंगचे यंत्र अखंड फिरत आहे, हाती काही लागत नाही. अशात एका संध्याकाळी मद्यगृहात एक तरुणी सहज बोलून जाते की, तिच्या वाट्यास आलेला जर्मन संदेशक प्रत्येक संदेशाचा आरंभ त्याच अक्षरांनी करतो. ट्युरिंग धावत सुटतो. संदेशात अमुक शब्द येणारच हे ठाऊक असल्यास यंत्राचे काम सोपे होईल, हे त्यास त्या क्षणी सुचते! प्रसंग रंगतो खरा. परंतु संदेशातील एखादा शब्दसमूह आधी तर्काने ओळखणे हा त्या यंत्राच्या रचनेचा पायाच होता. त्यावाचून त्याच्या तारा जोडताही आल्या नसत्या. घर बांधून झाल्यावर गवंड्यास विटेचा शोध लागावा, तसा हा प्रकार आहे.

यंत्राची खरी रीत ह्याहून कितीतरी मनोवेधक होती. त्यास ‘बॉम्ब’ म्हणत. स्फोटकाशी त्याचा संबंध नव्हता. एनिग्मात कोणतेही अक्षर कधीही त्याच अक्षराच्या रूपाने बाहेर पडत नाही. म्हणून तर्कित शब्द सांकेतिक मजकुराखाली सरकवीत न्यावयाचे, आणि जेथे एकाखाली एक तेच अक्षर येईल ती जागा सोडून द्यावयाची. उरलेल्या जागी अक्षरांच्या साखळ्या जुळत. मग यंत्र तीन चक्रांच्या १७,५७६ स्थितींपैकी एकेक घेई आणि प्लगबोर्डावर एक अक्षर अमुक अक्षराशी जोडले आहे असे गृहीत धरून चाले. ह्या गृहीतातूनच तेच अक्षर दुसऱ्या कोणाशी जोडलेले निघाले, तर तो व्याघात. आणि सर्वच गृहीतांचा असा व्याघात झाला की ती स्थिती बाद. प्रतिपक्षाचे म्हणणे क्षणभर मान्य करून त्यातून अनिष्टप्रसंग दाखविण्याची जी रीत आपल्या नैयायिकांस परिचित होती, तीच येथे तारा आणि चक्रे ह्यांच्या रूपाने उभी राहिली होती. यंत्र उत्तर सांगत नसे. ज्या स्थितीचे खंडन करता येत नाही, तेथे ते केवळ थांबे. आणि हे थांबणेही पुष्कळदा फसवे निघत असल्याने माणसांस ते पुन्हा तपासावे लागे. खंडन करणाऱ्या ह्या यंत्रास पटकथाकाराने साक्षात्काराचे यंत्र केले, आणि वर ट्युरिंगच्या दिवंगत शाळासोबत्याचे ‘ख्रिस्तोफर’ हे नाव देऊन त्यास करुणरसाचे बाहुले बनविले. पहिल्या यंत्राचे नाव वस्तुतः ‘व्हिक्टरी’ असे होते.

श्रेयाच्या वाटणीतही हीच वृत्ती दिसते. पोलंडच्या मारियान रेयेव्स्की ह्याने १९३२ च्या अखेरीस एनिग्माच्या अंतर्गत तारजोडणीचा गणिताने छडा लावला होता, व जुलै १९३९ मध्ये पोलिश मंडळींनी वॉर्सानजीक आपले ज्ञान ब्रिटिश व फ्रेंच सहकाऱ्यांच्या हवाली केले. चित्रपटात पोलंडचा उल्लेख येतो तो ओझरता. गॉर्डन वेल्चमन तर त्यात मुळीच नाही. प्लगबोर्डावर पहिले अक्षर दुसऱ्याशी जोडलेले असेल तर दुसरेही पहिल्याशी असणारच, ह्या साध्या गोष्टीवरून त्याने यंत्रास ‘डायगोनल बोर्ड’ सुचविला आणि यंत्राची खंडनशक्ती अतोनात वाढली. जोन क्लार्क हिला ब्लेचली पार्क येथे आणणाराही तोच, तिचा केंब्रिजमधील शिक्षक. चित्रपटात ती शब्दकोड्याच्या परीक्षेतून येते. ऑक्टोबर १९४१ मध्ये चर्चिलकडे मनुष्यबळ मागणारे जे पत्र गेले त्यावर ट्युरिंग, वेल्चमन आणि आणखी दोघे अशा चौघांच्या सह्या होत्या. पडद्यावर पत्र एकट्या ट्युरिंगचे. युद्धाअखेर अशी २०० हून अधिक यंत्रे चालत होती आणि ती चालविणाऱ्या मुख्यतः नौदलाच्या स्त्रिया होत्या. प्रेक्षकास मात्र एक यंत्र, एक खोली आणि पाचसहा माणसे एवढेच दिसते. बेनेडिक्ट कंबरबॅच ह्यांचा अभिनय उत्तम आहे; त्यामुळे तर ही एकाकी प्रतिभावंताची कथा अधिकच खरी वाटते.

इथवरचे दोष कोणी क्षम्य मानील. जॉन केर्नक्रॉसचे प्रकरण तसे नाही. हा सोव्हिएट हेर ब्लेचली येथे होता, परंतु निराळ्या विभागात. पटकथेने त्यास ट्युरिंगच्या खोलीत आणून बसविले. ट्युरिंग त्यास ओळखतो. तो ट्युरिंगची समलिंगी वृत्ती उघड करण्याचा धाक घालतो. आणि ट्युरिंग काही काळ गप्प राहतो. म्हणजे देशद्रोह ठाऊक असून लपविल्याचा ठपका नायकावर येतो. ट्युरिंगवर १९५२ मध्ये खटला झाला, १९५४ मध्ये त्याचा अंत झाला, व २०१३ मध्ये त्यास राजक्षमा मिळाली. अशा वृत्तीचा मनुष्य धाकास बळी पडणारच, म्हणून तो राज्यास धोकादायक, हा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा संशय होता. ज्या चित्रपटास ट्युरिंगला न्याय द्यावयाचा आहे, त्यानेच तो संशय एक काल्पनिक प्रसंग रचून खरा करून दाखवावा, ह्याचे आश्चर्य वाटते.

सर्व कथा ट्युरिंग पोलीस-चौकशीच्या खोलीत एका अधिकाऱ्यास सांगत आहे, अशी चौकट चित्रपटास दिलेली आहे. निवेदनाची सोय म्हणून ती ठीक असेल. पण ब्लेचलीच्या हजारो माणसांनी १९७० नंतरच्या वर्षांपर्यंत ह्या कामाविषयी घरीदेखील अवाक्षर काढले नाही. ज्या वेल्चमनला ह्या चित्रपटात स्थान नाही, त्याने १९८२ साली आपल्या कामाचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. युद्ध संपून तेव्हा ३७ वर्षे झाली होती. तरी त्या ग्रंथापायी अमेरिकेतील गोपनीय कामाची त्याची परवानगी काढून घेण्यात आली.