भूक नसलेला खादाड

टार्न व झॅक अ‍ॅडम्स या बंधूंच्या ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ (२००६) या खेळातील प्राणी साध्या मजकुराच्या नोंदींतून घडतात. कातडी, चरबी, स्नायू, हाड असे थर पृथक्. जखम होते ती नेमक्या थराला. त्यातील रानटी वुल्व्हरीनचा देहही असाच चोख आहे. स्वभाव मात्र निसटला आहे, आणि ही उणीव किरकोळ नव्हे. पाणमांजराच्या कुळातील हा उत्तरेकडील प्राणी ओळखला जातो तो भुकेवरून. लिनिअसने १७५८ मध्ये त्याला ‘गुलो’, म्हणजे खादाड, हे नाव दिले. (नाव अन्यायाचेच, हिमात मेलेली जनावरे हुडकून मांस पुरून ठेवणे ही वस्तुतः काटकसर होय.) खेळात रानातील श्वापदांची उपासमार होत नाही. तेथे हिम पडते, प्रेते कुजतात; वुल्व्हरीन त्यांच्याजवळून निघून जातो.