वाल्मीकी : एका आडनावाची तीन वाचने

आपल्याकडे नवा माणूस भेटला की आधी आडनाव विचारले जाते. नोकरीच्या गावी खोली शोधताना हा प्रश्न मी अनेक दारांत ऐकला. उत्तर देताच घरमालकाला एकाएकी आठवायचे, की खोली पुतण्यासाठी राखून ठेवली आहे. आडनाव बदलण्याचा अर्जही मी एकदा भरून ठेवला होता. म्हणूनच ओमप्रकाश वाल्मीकी यांचे ‘जूठन’ (१९९७) हे हिंदी आत्मकथन वाचताना माझे लक्ष त्यांच्या आडनावावर खिळले.

संस्कृतच्या पंडिताला वाल्मीकी म्हणजे आदिकवी. उत्तर भारतात मात्र ते सफाईकाम लादलेल्या समाजाचे नाव. विसाव्या शतकात चूहडा, भंगी या शिव्या बनलेल्या शब्दांच्या जागी ते रूढ झाले. त्यात समाजाची सन्मानाची ओढ होती, तसाच त्याला हिंदू धर्मात राखू पाहणाऱ्या आर्यसमाजी सुधारकांचा हातही होता. नाव ऋषीचे मिळाले, हातातला झाडू सुटला नाही. मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या बरला गावी शिकायला गेलेल्या या मुलाच्या हाती मुख्याध्यापकाने झाडूच दिला. आणि त्याच्या वस्तीत जन्माष्टमीला पूजा होई ती कृष्णाची नव्हे, जहारपीराची!

तिसरे वाचन आपल्या महाराष्ट्रातले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत प्रशिक्षण घेताना एका कुलकर्णी कुटुंबाने हे आडनाव ब्राह्मणाचे समजून त्यांना जवळ केले. त्याच घरात कांबळे आडनावाच्या पाहुण्याला चहा वेगळ्या कपात मिळाला. ते पाहून ओमप्रकाश यांनी त्या घरच्या मुलीला आपली जात स्वतःच सांगून टाकली. जिव्हाळा तिथेच संपला.

दलित आत्मकथनाचे सामर्थ्य अनुभवाच्या दाहकतेत आहे, असे आमचे समीक्षक म्हणत आले. मला ‘जूठन’चे सामर्थ्य या निवडीत दिसते. उत्तरेत आडनाव गाळले असते, महाराष्ट्रात नुसते गप्प राहिले असते, तरी निभावले असते. त्यांनी दोन्ही पळवाटा नाकारल्या. घरच्या माणसांनाही अडचणीचे वाटणारे आडनाव त्यांनी अखेरपर्यंत, २०१३ साली निधन होईपर्यंत, लेखक म्हणून मिरवले.

आडनाव बदलणाऱ्या आपल्या माणसांना मी दोष देत नाही. डोक्यावर छप्पर हवे असते, मुलांना शाळेत चिडवले जाऊ नये असे वाटते. पण अंबरनाथच्या त्या घराने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. वाल्मीकींना चांगला कप मिळाला, तो केवळ वाचणाऱ्याची चूक झाली म्हणून. वाचणारा बदलला नव्हता. माझा अर्ज अजून कपाटात आहे. तो पाठवण्याआधी हे पुस्तक मी वर्गात शिकवणार आहे. समोर कांबळेही बसतात आणि कुलकर्णीही.